ताटाशी वैर धरणारी आत्या

आत्यांना पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसाला त्या नाव विचारायच्या नाहीत. "तोंड उघडा," म्हणायच्या. मग तो रिक्षावाला असो, बँकेतला साहेब असो नाहीतर सत्काराचं आमंत्रण घेऊन आलेला नगरसेवक असो. "उघडा, लाजू नका. आता तीन बोटं उभी घाला आत. तुमचीच हो, माझी नाहीत!" तो बिचारा इकडेतिकडे बघत आपली बोटं तोंडात घालायचा. तीन गेली तर आत्या "शाब्बास" म्हणून नमस्कार करायच्या. दोनच गेली तर त्याची सुटका नव्हती. गुटखा नि मावा खाऊन गाल आतून कसे कडक होतात, तोंड हळूहळू उघडेनासं कसं होतं आणि पुढे काय वाढून ठेवलेलं असतं, हे सगळं त्याला भर रस्त्यात ऐकावं लागे. मी दातांची डॉक्टर. मी एकदा म्हटलं, "आत्या, हे दवाखान्यात करायचं असतं." त्या म्हणाल्या, "आणि तो दवाखान्यात येईपर्यंत मी काय माशा मारत बसू?"

पनवेलच्या जुन्या वस्तीत, बाजारापासून जवळच एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमचं केंद्र होतं. तंबाखूविषयीचे कायदे गावात खरोखर पाळले जातात का, नसतील तर कुठे अडतात, यावर तिथे संशोधन चाले. माझ्यासारख्या नव्या डॉक्टरांना आणि समाजकार्य शिकून आलेल्यांना हे संशोधन कसं करायचं, तेही तिथेच शिकवत. आत्या त्या केंद्राच्या प्रमुख. त्यांच्या पदाचं नाव इतकं लांबलचक होतं की दारावरच्या पाटीवर ते दोन ओळींत मोडावं लागलं होतं. ते कोण उच्चारणार? आमचा ड्रायव्हर त्यांच्याच गावचा, उलव्याकडचा. गावात तर त्या सगळ्या आळीच्या आत्या. लग्न केलेलं नाही, चार चुलतभावांची पोरं अंगाखांद्यावर वाढलेली. ड्रायव्हर आत्या म्हणतो म्हणून आम्ही म्हणू लागलो, आणि मग दिल्लीहून येणारे पाहुणेसुद्धा "आत्याजी" म्हणायला लागले. मला मात्र आत्या माझ्या नावाने कधीच हाक मारत नसत. मी "दातवाली". अगदी माझ्या आईसमोरसुद्धा.

केंद्रात एका शब्दाला बंदी होती. जनजागृती. हा शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्याने सगळ्या मजल्याचा चहा करायचा. पहिल्या आठवड्यात मी इतका चहा केला की कामोठ्याला घरी गेल्यावर माझ्या कपड्यांना आल्याचा वास यायचा. आत्यांचा या शब्दावर राग का, तेही त्यांनी एकदा सुनावलं. "पाकिटावर सडलेल्या जबड्याचा फोटो छापलाय. खाणारे काय आंधळे आहेत? त्यांना माहीत नाही असं तुला कोणी सांगितलं? तू पाच वर्षं शिकून दाताची डॉक्टर झालीस, तरी रोज वडापाव खातेस ना? आता कर तू माझी जागृती!" माझ्यासमोर वडापावच होता.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "माणसाला दोषच द्यायचा असेल तर घरी जा, त्या कामाला तिथे नातेवाईक आहेत. आपण बघायचं की वस्तू त्याच्या हातात आली कशी. कोणी दिली, का दिली, आणि त्याला अडवणारा नियम कुठे पेंगत बसलाय." म्हणून नव्या पोरांना त्या पहिला महिना पुस्तकाला हात लावू देत नसत. टपरीवर उभं राहा, शाळा सुटताना फाटकाशी बसा, नाक्यावर मजुरांबरोबर चहा घ्या. माझ्याबरोबरच सायमा नावाची एक मुलगी आली होती, पनवेलमधलीच, समाजकार्य शिकलेली. दिवसभर उन्हात उभं राहून आम्ही दोघी परत आलो की ती पंख्याखाली बसून म्हणायची, "या अल्ला, ही बाई आपल्याला संशोधक बनवतेय की टपरीवाली?" आत्या आतून ओरडायच्या, "टपरीवाल्याला तुमच्यापेक्षा जास्त माणसं कळतात!"

पनवेलजवळच्या कोन नावाच्या गावी आम्ही तरुणांशी बोलायला गेलो तेव्हाचा प्रसंग. देवळाच्या ओट्यावर सातआठ जण बसलेले. वरून ठरवून आलेले आमचे प्रश्न सगळे दुकानांभोवती फिरत. पहिल्यांदा कुठून घेतलीस, शाळेजवळ दुकान होतं का, दुकानदाराने वय विचारलं का. सायमा विचारत होती आणि पोरं एकमेकांकडे बघून हसत होती. शेवटी एकाने तिची कीव केली.

"म्याडम, आमी कशाला इकत घेऊ? हलदीला ताट फिरतं ना!"

मला काही कळलं नाही. आत्यांकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा पार उतरला होता. उरलेले प्रश्न त्यांनी तिथेच थांबवले आणि आम्हाला गाडीत बसायला सांगितलं.

ज्यांनी आमच्या भागातली हळद पाहिली आहे त्यांना ताट सांगायला नको. इतरांसाठी सांगते. लग्नाआधीच्या संध्याकाळी हळद असते. लग्नापेक्षा मोठा थाट हळदीचा. सगळी भावकी मांडवात बसली की घरचा माणूस एक मोठं ताट घेऊन फिरतो. पूर्वी त्यात पानं, चुना, सुपारी, तंबाखू आणि विड्या असत. मग विमानतळ आला, जमिनी गेल्या, हातात पैसा आला आणि ताटही सुधारलं. आता त्यात सिगारेटी पंख्यासारख्या मांडलेल्या असतात आणि राज्यात बंदी असलेल्या गुटख्याच्या पुड्यांची फुलं करून ठेवलेली असतात. ताट प्रत्येकापुढे थांबतं. म्हाताऱ्यापुढे थांबतं तसंच त्याच्या मांडीवरच्या नातवापुढेही थांबतं. "घे रे, आज घे, आज कोन रागवनार नाय," असं म्हणून सख्खा काका पहिली चिमूट देतो. कोणाच्या मयतानंतर बाराव्यालाही हेच ताट निघतं. ताट नाही म्हणजे पाहुण्याची किंमत नाही.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी आम्हाला बसवलं आणि फळ्यावर काहीही न लिहिता शिकवलं. "जो विकतो त्याच्यासाठी कायदा आहे. शाळेपासून लांब हो, पोरांना विकू नकोस, दंड भर. जो प्रेमाने वाढतो त्याला मी कुठला कायदा लावू? सांगा." मग स्वतःच म्हणाल्या, "मीपण ताटावरचीच आहे. बाबांच्या मांडीवर बसले होते. दादूसने चिमूट दिली आणि सगळे हसले. कॉलेजला जाईपर्यंत माझ्या गालात असायची. सोडताना हात थरथरायचे माझे. मला टपरीवाल्याने नाही बिघडवलं, पोरींनो. माझ्या लाडक्या भावाने दिली." दादूस म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ. सगळं गाव त्यांना दादूस म्हणे, म्हणून आम्हीही.

त्या दिवसापासून आत्यांनी ताटाशी उभं वैर धरलं. त्यांच्या डोक्यात एकच होतं. एकेका गावाने ग्रामसभेत ठराव करायचा, आमच्या हळदीला नि बाराव्याला तंबाखूचं ताट नाही. मग अशी गावं आणि बाकीची गावं यांतली किती पोरं तंबाखूला लागतात ते आपण काही वर्षं बघू. निघेल ते निघेल. आम्ही गावोगाव हिंडलो. लोक चहा देत, आत्यांना मान देत, ऐकून घेत आणि शेवटी कोणीतरी खालमानेने तेच म्हणे, "आत्या, तुमी बोलता ते बरोबर हाय. पन आधी तुमच्या घरात बंद करा." बोलणारा खोटं बोलत नव्हता. त्यांच्या गावातलं सगळ्यात मोठं ताट दादूसच्या घरात होतं, पितळेचं, आजोबांपासूनचं.

आणि तेव्हाच हर्षलचं लग्न ठरलं. हर्षल म्हणजे दादूसचा एकुलता एक मुलगा, आत्यांचा जीव की प्राण भाचा. त्याला चालायला त्यांनी शिकवलेलं, त्याच्या इंजिनिअरिंगच्या परीक्षेला त्या बाहेर उन्हात बसलेल्या. आता त्याच्या हळदीला ताट फिरलं तर आत्यांना पुन्हा कुठल्याही गावात तोंड दाखवायला जागा नव्हती. अडवलं तर भावाचं घर तुटणार होतं. मी म्हटलं, "आत्या, त्या दिवशी परदेशात एखादी परिषद काढा ना. गैरहजर राहा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप उठून चहा करायला गेले. बंदीचा शब्द उच्चारला नव्हता तरी.

त्यांनी दादूसना आधीच सांगून टाकलं. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. दादूस आठवडी बाजाराच्या निमित्ताने पनवेलला आले होते, ते केंद्रात आले. उंच, धिप्पाड, पांढरी टोपी, गालात तंबाखूची गोळी. आत्यांनी त्यांना "तोंड उघड" म्हटलं नाही, एवढ्या एकाच माणसाला त्यांनी कधी म्हटलं नसावं. दार उघडंच होतं, सगळ्या मजल्याला ऐकू गेलं.

"दादूस, ताट नको."

"येडी झालीस काय? भावकी थुंकेल माझ्या तोंडावर."

"थुंकूदे. आत्ता पन थुंकतातच ना, मांडवाच्या कोपऱ्यात."

दादूसना आधी हसू आलं, मग राग आला. "तुझं हे शिक्षान तुझ्या हापिसात ठेव. माझ्या घरात रीत चालनार. आन ताट नको म्हननारी आत्या आमाला पन नको." एवढं बोलून ते जिना उतरले. खाली गेल्यावर मात्र ड्रायव्हरला म्हणाले म्हणे, "तिला बीपीच्या गोल्या वेलेवर दे रे, इसरते ती." अशी ही भावंडं!

हळदीच्या दिवशी मला आणि सायमाला त्यांनी बरोबर घेतलं. मला वाटलं होतं, बाई साध्या सुती साडीत, निषेधाच्या तयारीने येणार. कुठलं काय! हिरवी भरजरी साडी, गळ्यात आईचे दागिने, केसात हा एवढा गजरा. मी बघतच राहिले. "अशी काय बघतेस दातवाले? भाच्याची हळद आहे माझ्या. नटू नको?" मांडव मोठा होता, ऊन अजून उतरत होतं, बायकांची लगबग, मटणाचा वास, आणि मधे पाटावर हर्षल उघड्या खांद्यांनी बसलेला. धवलारीण, म्हणजे लग्नाचे विधी गाण्यांतून सांगणारी म्हातारी, त्याच्या शेजारी बसून गात होती. त्या घरात हळदीचं पहिलं बोट आत्याचं. आत्याने लावल्याशिवाय कोणी लावायची नाही. आणि त्या दिवशी आत्या रुसली, हट्ट केला, तर तो पुरवायचा ही पण रीतच. आत्यांनी हीच रीत धरली.

हळदीची वाटी हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दादूस, ताट आत ने. मग लावते."

"आधी लाव. पोरगा बसलाय."

"बसूदे. त्याला घाई नाय, मला पन नाय."

आधी लोक हसले. आत्याचा रुसवा म्हणजे गंमत असते. वहिनी पुढे येऊन म्हणाल्या, "काय पायजे तुमाला, पैठनी काय?" आत्या म्हणाल्या, "साडी नको, सोनं नको. ताट आत न्या, हाच माझा मान." मग हसू थांबलं. धवलारणीला पुढचं कडवं म्हणता येईना, कारण पुढच्या कडव्यात हळद लागायची होती. ती बिचारी मागचंच कडवं पुन्हा पुन्हा आळवत राहिली. हर्षलच्या कपाळावर घाम आला. एक म्हातारे गृहस्थ उठून बोलले, "ही शिकली म्हनून आमाला शिकवनार काय?" आत्या त्यांच्याकडे वळल्या. "मी शिकवत नाय काका. तुमच्या गालात काय झालंय ते मी बघितलंय आन तुमाला पन ठाव हाय. तुमच्या नातवाच्या गालात नको, एवढंच मागतेय." काका खाली बसले. मला वाटलं, जिंकली बाई! आता दादूस ताट उचलणार.

दादूस उठले, पण ताटाकडे गेले नाहीत. "भावकीसमोर माझी लाज काढलीस," एवढंच ते म्हणाले, आणि चुलतभावाच्या बायकोला हाक मारली. "मालूबाय, तू लाव पहिलं बोट." मालूबाई जागची हलेना. दादूसनी पुन्हा हाक मारली. मग ती आली, दुसऱ्या वाटीतली हळद घेतली आणि खाली मान घालून हर्षलच्या गालाला लावली. धवलारणीने पुढचं कडवं घेतलं. आत्या तशाच उभ्या होत्या, हातात वाटी घेऊन, आणि ती वाटी त्यांच्या हातातून घ्यायला कोणी पुढे झालं नाही. मग पितळेचं ताट निघालं. एका पुतण्याने ते सवयीने सगळ्यांपुढे धरलं, आत्यांपुढेही धरलं. त्या म्हणाल्या, "पुढे जा, बाला." आवाज साफ होता.

मी म्हटलं, "आत्या, चला निघू." त्या म्हणाल्या, "जेवल्याशिवाय? माझ्या भाच्याची हळद हाय!" आणि खरंच पंगतीत जाऊन बसल्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना कोणी बसेना, मग एका बाजूला मी बसले, दुसऱ्या बाजूला सायमा. वाढणारे आमच्यापाशी आले की घाई करत. आत्या हाक मारून मागायच्या, "अरे, रस्सा आण! भाकरी आण!" पोटभर जेवल्या. हात धुऊन हर्षलपाशी गेल्या, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मांडवाबाहेर आल्या. गाडीत बसल्यावर दरवाजा लागला आणि ती बाई हमसून हमसून रडली. "माझं घर गेलं गं दातवाले. माझं घर गेलं." पनवेलपर्यंत रडत होत्या. केंद्राशी उतरल्यावर पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "उद्या कोनला जायचंय. वेळेवर ये."

कोनला त्यांनी काय करावं? गावच्या बायकांची बैठक होती. उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही म्हणायचात, आधी तुमच्या घरात बंद करा. काल माझ्या भाच्याची हळद होती. ताट फिरलं. मला थांबवता आलं नाही. पहिलं बोटही मला लावू दिलं नाही. आता बोला." मी कपाळाला हात लावला. आपली हार अशी कोणी चव्हाट्यावर मांडतं? पण इतका वेळ हसत-खिदळत बसलेल्या त्या बायका आत्यांजवळ सरकून बसल्या. कोणीही आत्यांना पुन्हा ते वाक्य ऐकवलं नाही. नंतर तिथे एका हळदीत मुलीच्या आईने ताट काढू दिलं नाही. एकाच हळदीत. पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली, काही न जेवता गेले. आत्यांना ते कळलं तेव्हा त्यांनी खुर्चीतून उठून सगळ्या मजल्याला स्वतः चहा केला. फार वाईट झाला होता.

मग आमचा अहवाल वर गेला आणि वरून एक मोठे साहेब आले. गोड बोलणारे. त्यांचं म्हणणं, बाकी सगळं उत्तम आहे, टपऱ्यांचं तर फारच छान, पण तो हळदीचा भाग तेवढा वगळावा. समाजाच्या भावना असतात, पुढारी नाराज होतात, शिवाय कायद्यात हे कुठे बसतच नाही. आत्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "साहेब, हळद वगळून आमच्याकडे लग्न होत नाही, अहवाल कसा होईल?" साहेब हसले. म्हणाले, मग पुढचं काही सांगता येत नाही. खरंच, केंद्राला पुढे नवी मुलं घ्यायची परवानगी आली नाही, आणि त्या लांबलचक पदावर दुसऱ्या कोणाला नेमायच्या गोष्टी सुरू झाल्या. मी चिडून म्हटलं, "चार पानं काढली असतीत तर काय बिघडलं असतं?" आत्या भडकल्याच. "ज्या चार पानांसाठी मी माझं घर घालवलं ती काढू? हद्द झाली तुझी! टपरीवाला गरीब आहे, त्याच्यावर पानंच्या पानं लिहा, कोणी नाराज होत नाही. स्वतःच्या ताटाचं लिहिलं की सगळ्यांच्या भावना जाग्या होतात. काढायचंच असेल तर माझं नाव काढा, ताट राहू दे." अहवाल तसाच राहिला. कोणी छापला नाही. आत्यांनी त्याच्या प्रती काढून गावोगाव स्वतः वाटल्या आणि पोरांना वाचून दाखवल्या.

दादूस आणि त्या पुन्हा एकमेकांशी बोलले नाहीत. म्हणजे समोरासमोर नाही. ड्रायव्हरमार्फत तिकडून तांदूळ यायचे, सुके बोंबील यायचे, इकडून दादूसच्या गुडघ्यांसाठी तेल जायचं. मी एकदा म्हटलं, एवढं आहे तर फोन करा ना. "मी करते की! त्याने आधी ताट ठेवून द्यावं." दोघंही एका मातीची. आणि मग एका सकाळी आत्यांना झटका आला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. अजून वय नव्हतं हो. मी त्या दिवशी देवाला, डॉक्टरांना आणि त्या वेळेवर न घेतलेल्या गोळ्यांना काय काय शिव्या दिल्या ते इथे लिहिता येणार नाही. दादूस आले, एवढंच म्हणाले, "आमची आत्या आमी नेनार." आणि त्यांना घरी नेलं.

बाराव्याला आम्ही सगळे विद्यार्थी गेलो. तोच मांडव घातलेला, दुपारची वेळ, भावकी सतरंजीवर बसलेली. आत्यांचा फोटो, त्याला भलामोठा हार. आणि फोटोपुढून घरातली माणसं ते पितळेचं ताट घेऊन आली. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना. एवढं भरलेलं ताट मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पानं, तंबाखू, विड्या, सिगारेटी, पुड्या, सगळं काठोकाठ. ताट सतरंजीच्या मधोमध ठेवलं. दादूस शेजारच्याला सांगत होते, "आत्याच्या कार्यात कशाची कमी नको. लोक म्हनतील, भांडन होतं म्हनून हात आखडला." त्यांचे डोळे सुजलेले होते. तेव्हा मला कळलं की त्यांनी हे रागाने केलेलं नाही. बहिणीवर जेवढं प्रेम होतं तेवढं त्यांनी त्या ताटात भरलं होतं. कळलं, आणि तरी मस्तकात आग गेली.

सायमाने माझा हात धरला. "आज नको गं. खुदा के वास्ते, आज नको. घरात मयत झालंय." तिचं बरोबर होतं. मी आतमधली कोण? कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, या गावात ना नातं ना गोतं. पण एक काका ताटाकडे हात नेताना दिसले आणि मी उठले. ताट उचललं. जड होतं. परत माझ्या जागेवर आले आणि ते मांडीवर घेऊन बसले.

"ए बाय, फिरव ना ते," कोणीतरी म्हणालं.

"नाही फिरवणार."

"तू कोन सांगनार?"

"मी आत्यांची विद्यार्थिनी. हे ताट त्यांच्यासमोर फिरणार नाही."

गलका झाला. दोघे-तिघे उठून उभे राहिले. दादूस गर्दीतून वाट काढत माझ्यासमोर आले. "खाली ठेव ते."

मला रडू आवरत नव्हतं. म्हटलं, "दादूस, तुम्ही मला हाकलून द्या. मारा हवं तर. मी ठेवणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोटोकडे. मग टोपी काढून तोंड पुसलं आणि वळून सगळ्यांना म्हणाले, "चला, जेवायला उठा."

"आन ताट?" म्हातारे काका म्हणाले.

"ताट तिच्या मांडीवर हाय. पायजे त्याने जाऊन घ्या. मी नाय घेनार. एकीशी भांडून बघितलं मी."

कोणी आलं नाही. माणसं एकेक करून पंगतीला गेली. पाय पार बधिर झाले होते, नाक गळत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटची पंगत उठेपर्यंत मी ते ताट मांडीवरून हलवलं नाही.